हादग्याच्या फेऱ्यात एक प्रश्न : तुमच्या परसात काय फुललंय?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा हस्त नक्षत्र लागलेले असेल, नाहीतर लागायच्या बेतात असेल. बाजरीची कणसे भरली आहेत, घेवडा खळ्यावर येतो आहे आणि रब्बीच्या ज्वारीसाठी वाफसा कधी होतो याकडे घरच्या कारभाऱ्याचे डोळे लागले आहेत. अशा घाईत कुणी येऊन विचारले, "तुमच्या परसात काय फुललंय?" तर तुम्ही मनात म्हणाल, या माणसाला दुसरा उद्योग दिसत नाही!

तरीही हा प्रश्न मी विचारणार आहे. शेतीखात्यात विस्ताराचे काम करताना माझी तीस वर्षे खटाव, आटपाडी, पलूस या बाजूच्या गावांत गेली. रानातल्या पिकाची चौकशी करणारे आम्ही पुष्कळ. घरामागच्या दोन गुंठ्यांची चौकशी फार कुणी करत नाही. तिथले फूल म्हणजे बायकांची हौस, एवढेच आपण धरून चालतो. पण त्या फुलात पुढच्या महिन्याची भाजी असते, दसऱ्याचे तोरण असते आणि पुढच्या वर्षाचे बी असते. ही गोष्ट मला एका मावशींनी शिकवली, तीही माझी चूक माझ्या पदरात घालून. ती हकीकत पुढे येईलच.

हस्ताचा पाऊस आणि हादगा

औंधचे नाव काढले की पाहुण्यांना यमाईचा डोंगर आठवतो. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आठवतात. त्यांनी १९३८ साली उभारलेले आणि राजा रविवर्म्याची चित्रे असलेले भवानी संग्रहालय आठवते. हे संस्थान १९४८ साली विलीन झाले. त्याची गावे तेव्हाही एका जागी नव्हती. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. माती वेगळी, पाणी वेगळे. पण हादगा मात्र तिन्हीकडे.

आपल्या भागाला पावसाची ओढ किती, हे तुम्हाला सांगायला नको. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि खटाव-माणला पाचशेच्या आसपास पडला तरी आपण देवाला नारळ फोडतो. त्यातही मृग-आर्द्रा पुष्कळदा हुलकावणी देतात. आपली खरी भिस्त उत्तरा आणि हस्त या परतीच्या पावसावर. म्हणून पश्चिमेकडची फुले श्रावणात, तर आपल्याकडची भाद्रपद-आश्विनात. सप्टेंबरच्या २६-२७ तारखेला सूर्य हस्तात जातो. मग भिंतीवर हत्तींचे चित्र लागते, पाटावर हत्ती काढला जातो आणि पोरी फेर धरतात. पुण्याकडे याला भोंडला म्हणतात, विदर्भात भुलाबाई. आपला हादगा. रोज एक गाणे वाढते, रोज एक खिरापत वाढते आणि सोळा दिवसांनी हादगा बोळवतात.

आता कुठे शाळेच्या पटांगणात एकाच दिवशी हादगा उरकतात. पण जिथे तो अजून घरोघर फिरतो, तिथे पोरींच्या मागोमाग आपणही जाऊ. फेर अंगणात असतो. आपण पुढच्या दाराने आत शिरून मागच्या दाराने परसात उतरू.

ज्याच्या नावाने फेर, ते झाड

पहिल्या परसात हादग्याचेच झाड आहे. यालाच कुणी अगस्ता म्हणतात. उंच, सरळ, चिंचेसारख्या बारीक पानांचे आणि पांढऱ्या, वाकड्या, मोठ्या फुलांचे. काही जातींना लाल फुले येतात. गंमत अशी, की हादग्याची गाणी तोंडपाठ असलेल्या कितीतरी पोरींनी हे झाड पाहिलेलेच नाही. गावात एखाद-दुसरे असते, तेही कुणीतरी सासऱ्याने लावलेले.

हे झाड परसात असावे असे मी आग्रहाने सांगतो. ते शेंगवर्गातले आहे. मुळांवर गाठी धरतात आणि त्या हवेतला नत्र जमिनीत बांधतात. पाला शेळी आवडीने खाते. आरग-बेडगच्या बाजूला पानमळ्यात वेलीला आधार म्हणून शेवरी, शेवगा, पांगाऱ्याबरोबर हादगाही लावतात, कारण तो झटपट वाढतो आणि त्याची सावली विरळ असते. फुलांची भाजी तर तुम्हाला ठाऊकच आहे. फुले धुवून उघडायची, आतला दांडा आणि तंतू काढून टाकायचे, नाहीतर भाजी कडवट लागते. मग कांदा, लसूण, मिरचीवर परतून वरून थोडे बेसन पेरायचे. बाजारात हे फूल क्वचित मिळते. ज्याच्या परसात झाड, त्याच्याच ताटात भाजी.

मोठी लांब शेंग झाडावर वाळली की बी काढून ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर परसाच्या कडेला दोन-दोन बिया टोचा. पहिल्या वर्षी शेळीपासून जपा. हे झाड फार वर्षे जगत नाही, म्हणून जुने उभे असतानाच नवे लावायचे.

वेलाला फुले फार, फळ मात्र नाही

दुसऱ्या परसात गोठ्याच्या छपरावर लाल भोपळ्याचा वेल चढला आहे. सकाळी पाहावे तर पिवळ्या फुलांनी छप्पर भरले आहे. घरच्या वहिनी मात्र कपाळाला आठ्या घालून उभ्या. "फुलं बगा किती, पण एक भोपळा धरंना. वेल वांझ निगाला म्हणायचा!"

दरवर्षी ही तक्रार मी दहा घरी ऐकतो. वहिनी, वेल वांझ नाही. भोपळ्याला नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात. नर फुले आधी येतात आणि पुष्कळ येतात. त्यांचा देठ लांब आणि सरळ असतो. मादी फूल मागून येते, आणि त्याच्या पाकळ्यांखाली लिंबाएवढा इवला भोपळा आधीपासूनच दिसतो. नर फुलातला पिवळा पराग मादी फुलाच्या मधल्या गाठीवर पडला तरच तो इवला भोपळा वाढतो. नाही पडला, तर दोन-तीन दिवसांत पिवळा पडून गळतो. आणि पराग नेण्याचे हे काम वारा करत नाही. तो जड आणि चिकट असतो. हे काम माशीचे.

आता माझी हकीकत सांगतो.

नोकरीचे पहिलेच वर्ष-दोन वर्षे असतील. पदवी ताजी, आवाजही ताजा. एका गावात एका मावशींच्या परसात असाच भोपळ्याचा वेल होता. दरवर्षी त्याला दहा-पंधरा भोपळे धरत आणि दसरा-दिवाळीच्या बाजारात ते विकून मावशी मुलीच्या शाळेचा खर्च भागवत. त्या वर्षी पानांवर लाल भुंगेरे दिसले. मी रुबाबात एक विषारी भुकटी सांगितली आणि "उद्या सकाळीच धुरळा" म्हणून निघून गेलो. फुले उघडण्याची वेळ सकाळचीच, हे मी पुस्तकात वाचले होते. पण सल्ला देताना ते डोक्यात आले नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा त्या वाटेने गेलो. मावशी काही बोलल्या नाहीत. मला परसात घेऊन गेल्या आणि वेलाखालचे एक वाळके फूल उचलून माझ्या तळहातावर ठेवले. आत दोन मधमाश्या मरून पडल्या होत्या. मग म्हणाल्या, "सायेब, तुमचं औशिद किड्याला लागलं का माशीला?"

त्या वर्षी त्या वेलाला दोनच भोपळे धरले. मावशींनी ते विकले नाहीत. पुरते पिकू दिले आणि बी राखले. पुढच्या वर्षी मी त्या गावी गेलो तेव्हा कागदाच्या पुडीत दहा बिया बांधून माझ्या हातात दिल्या. "तुमच्या घरी लावा. मंग तुमाला कळंल." रागाने नाही, सहज म्हणाल्या. मी लावल्या. आज माझ्या परसात जो वेल आहे तो त्याच बियांच्या वंशातला. मावशी आता नाहीत. पण भोपळ्याचे पहिले फूल उमलले की तो तळहात मला आठवतो.

कुठले फूल कधी उघडते

म्हणून आता कुठल्याही घरी औषध सांगण्याआधी मी विचारतो, "फूल कधी उघडतं?" तुम्हीही हे एकदा आपल्या डोळ्यांनी पाहून ठेवा. भोपळा पहाटे उघडतो आणि ऊन तापले की मिटतो. काकडी, कारले आणि घोसाळे सकाळची. दुधी मात्र संध्याकाळचा. त्याची पांढरी फुले दिवस कलताना उघडतात आणि रात्री पतंग त्यांच्यावर येतात. दोडकाही सांजेला फुलतो. पडवळाची झालरीसारखी पांढरी फुले अंधार पडताना उमलतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. "संध्याकाळी फवारा म्हणजे माश्या मरत नाहीत" हा सल्ला भोपळ्याला बरोबर आहे, पण दुधी-दोडक्याला तोच घातक. सोपा नियम असा : उघड्या फुलावर काहीही मारायचे नाही. परसात तर विषारी औषध आणूच नये, कारण तिथे पोरे खेळतात, कोंबड्या चरतात आणि भाजी तोडून थेट चुलीवर जाते. भुंगेरे सकाळी गारव्यात सुस्त असतात. तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. फार झाले तर निंबोळी अर्क वापरा. अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, त्यात वीसेक ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा आणि एकूण दहा लिटर पाणी करा. हाही फुले मिटलेली असताना पानांच्या खालून-वरून मारा. फळमाशीने डंख केलेली कोवळी फळे उकिरड्यावर फेकू नका, खोल पुरा. नाहीतर आतल्या अळ्यांच्या माश्या होऊन पुन्हा त्याच वेलावर येतात.

माशी कमी असेल तर हाताने फळ धरवता येते. सकाळी नऊच्या आत ताजे नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधल्या गाठीवर हलकेच फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचे काम होते. दुधीला हेच काम सांजेला करायचे. शाळेतली पोरे हे हौसेने करतात. उरलेल्या नर फुलांची भजी करा, वेलाला काही तोटा नाही.

आणखी एक. वेलाला शेणखताचा आणि युरियाचा मारा झाला की तो पानेच पाने काढतो, मादी फुले मागे पडतात. बाळंतिणीला बेताने वाढतो, तसे वेलालाही बेताने घाला.

माशीला बारा महिने काहीतरी हवे

आपल्याकडच्या माश्या तुम्ही ओळखता. कड्यावर आणि उंच झाडावर पोळे करणारी आग्या, झुडपात लहानसे एकच पोळे लावणारी फुलोरी, झाडाच्या ढोलीत आणि भिंतीच्या पोकळीत राहणारी सातेरी. पेटीत पाळतात ती आपल्याकडची माशी म्हणजे सातेरी. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ साली देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तिकडे जंगल आहे, म्हणून माशीला खाणे आहे. आपल्याकडे माळ. आपल्या माशीने उन्हाळ्यात खायचे काय?

याचे उत्तर परसात आहे. शेवगा, कडुनिंब, तुळस, कढीपत्ता, झेंडू, बांधावरची बोर आणि बाभूळ यांची फुले पाळीपाळीने येतात. आत्ता रानात कारळा पिवळाधमक फुलला आहे, तूर फुलू लागली आहे आणि सूर्यफूलही आहे. कारळ्याला आणि सूर्यफुलाला माशी आली तर दाणा जास्त भरतो, हे प्रयोगांत पुन:पुन्हा दिसले आहे. तेव्हा बांधाला कारळ्याचे चार तास पडू द्या. तेलही मिळेल, चटणीही मिळेल आणि माशीही गावात राहील.

देवाचे फूल

तिसऱ्या परसात तुळशीवृंदावनाभोवती रंगांची दाटी आहे. पहाटे प्राजक्ताचा सडा पडतो, देठ केशरी. दुपार कलली की गुलबक्षी उघडते. गोकर्णीचा निळा वेल कुंपणावर चढलेला. जास्वंद, तगर आणि सदाफुली बारमाही. गौरीच्या वेळचा तेरडा आता शेंगांवर आला आहे. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणतात, पण त्याच्या पिकल्या शेंगेला बोट लावा, फट्‌दिशी फुटून बी उडते. बी राखायचे तर शेंग फुगली, पण फुटली नाही, अशी पकडावी लागते. साताऱ्याच्या पश्चिमेला कासच्या पठारावर याच दिवसांत रानतेरडा आणि सोनकी फुलते. लोक शुल्क भरून, रांग लावून ती फुले पाहतात. पाहण्यासारखीच आहेत. पण घरी परतल्यावर आपल्या कुंपणालाही एक नजर टाकावी.

झेंडूचे दोन शब्द. हे फूल मूळचे मेक्सिकोकडचे, आता आपल्या दसऱ्याचे होऊन बसले आहे. जूनअखेर-जुलैत रोप टाकले, महिन्याने लावले आणि पुढे तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडला, तर फुटवे फुटून दसऱ्याला झाड भरते. ज्यांनी यंदा लावला नाही त्यांनी पुढच्या वर्षी पंधरा-वीस रोपे तरी वांगी-टोमॅटोच्या कडेने लावावी. टोमॅटोवरची फळे पोखरणारी अळी झेंडूकडे ओढली जाते आणि झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतल्या सूत्रकृमींनाही आळा बसतो. तोरणही घरचे होईल. दसऱ्याच्या दिवशी भाव पाहून दार अर्धेच सजवायची वेळ येणार नाही.

शेवंती अजून कळीत आहे. कुणी विचारते, "शेजारणीची फुलायला लागली, माझी का नाही?" मी आधी विचारतो, "अंगणातला दिवा कुठे आहे?" शेवंतीला रात्र मोठी व्हावी लागते, तेव्हा ती कळी धरते. आता खांबावरचे दिवे रात्रभर जळतात आणि त्या उजेडात शेवंतीला वाटते दिवस मोठाच आहे. कुंडी असेल तर अंधाऱ्या बाजूला हलवा. फुले संपली की झाड उपटू नका. बुडाशी ज्या काश्या फुटतात त्या जपा. पुढची लागवड त्यांचीच.

नवरात्रात घट बसतो. रानातली माती, त्यात धान्य, आणि नऊ दिवस रोज एक माळ. तो अंकुर देवीचा प्रसाद तर आहेच, पण घरच्या बियाण्याचा कस पाहण्याची वाटही आपल्या बायाबापड्यांना त्यात सापडली. तुम्ही ज्वारी पेरणार असाल तर तेवढ्यावर थांबू नका. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा. चार-पाच दिवसांनी किती उगवले ते मोजा आणि मग पेरणीचे ठरवा.

फुलले म्हणून सगळेच चांगले नव्हे

चौथ्या परसात उकिरड्याजवळ पांढऱ्या बारीक फुलांचे हिरवेगार रान माजले आहे. कुणी अनोळखी माणूस म्हणेल, काय सुंदर! हे गाजर गवत, कुणी काँग्रेस गवत म्हणतात. आपल्या देशात ते १९५५ च्या सुमारास प्रथम पुण्यात दिसले आणि आता कुठे नाही असे गाव राहिले नाही. त्याने अंगाला खाज सुटते आणि कुणाकुणाला दम लागतो. फूल येण्याआधी, जमीन ओली असताना, हातात पिशवी किंवा मोजे घालून मुळासकट उपटा. फुलावर आलेले खतखड्ड्यात टाकू नका, त्याचे बी शेणखतातून रानभर जाते.

कण्हेर देवाला चालते, पण तिचा पाला, फूल, बी, सगळे विषारी. पिवळ्या कण्हेरीचे, म्हणजे बिट्टीचे, फळ पोरे खेळायला घेतात, तेही तसेच. धोतऱ्याचे बी आणि रुईचा चीक यांच्यापासूनही जपा. घाणेरीची फुले रंगीत असतात, पण पाला जनावराने खाल्ला तर ते आजारी पडते. ही झाडे असतील तर गोठ्यापासून आणि पोरांच्या हातापासून लांब ठेवा, आणि पोरांना नावानिशी ओळख करून द्या.

आटपाडीचे परस, कुंडलचे परस

"साहेब, पाणी कुठाय?" हा प्रश्न आता येणारच. कुंडलच्या बाजूला उसाला पाणी आहे, तिथे परसात अळू, केळ, कर्दळ आपोआप माजते. आटपाडीकडे मुरमाची जमीन, तिथे डाळिंबालाच पाणी मोजून मिळते, परसाला कोण देणार? पण मी पाहिलेली सगळ्यात नीटस परसे आटपाडी आणि खटावच्या कोरड्या गावांतली आहेत. तिथल्या बाया पाणी दोनदा वापरतात. भाजी आणि तांदूळ धुतलेले पाणी थेट वेलाला जाते. न्हाणीचे पाणी आधी चरात, चरात वाळू-खडी आणि कडेने कर्दळ व अळू. तिथून निवळून पुढे शेवगा, केळ आणि फुलझाडांना. साबण-सोड्याचे पाणी मात्र कोवळ्या भाजीला देत नाहीत. बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन असतेच. हस्त चांगला बरसला तर ही ओल दिवाळी ओलांडते.

खिरापतीबरोबर बी

आता शेवटचे आणि मुद्द्याचे.

या चार परसांत फिरताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. एका घरी हादगा आहे, दुसऱ्या घरी भोपळ्याचा जुना वाण, तिसऱ्या घरी गावरान झेंडू आणि शेवंती. सगळे कुणाकडेच नाही. पूर्वी सासरी येणारी मुलगी पदराला चार बिया बांधून आणी. आता बी दुकानातून येते. दुकानातल्या संकरित बियाण्याला माझा विरोध नाही, रानात ते उत्पन्न देते. पण त्याचे बी राखून पुढच्या वर्षी पेरले तर सगळी झाडे सारखी निघत नाहीत. गावरान वाणाचे तसे नाही. मात्र तो जपणारी आजी गेली आणि पुडी उघडायची राहिली, तर तो वाण त्या घरातून उठला म्हणून समजा. एखादा वाण एकाच घरी असणे म्हणजे तो एका घुशीच्या, एका दुष्काळाच्या अंतरावर असणे. पाच घरी असला तर एकाचा गेला तरी चार घरी राहतो.

बी राखण्याची रीत थोडक्यात अशी.

झेंडूची सगळ्यात चांगली, निरोगी दोन-तीन झाडे आत्ताच दोरा बांधून राखा. त्यांची फुले तोरणाला तोडू नका, झाडावरच वाळू द्या.

दोडका, घोसाळे, दुधी यांचे वेलाच्या मधले एक चांगले फळ भाजीला न तोडता पुरते वाळू द्या. काकडी पिवळी पडून मऊ होईपर्यंत ठेवा.

भोपळ्याचा वाण शुद्ध राखायचा तर जरा कष्ट आहेत, कारण शेजारच्या वेलाचा पराग माशी आणतेच. उद्या उमलणाऱ्या एका नर आणि एका मादी कळीची टोके आज सांजेला दोऱ्याने बांधा. सकाळी सोडून हाताने पराग लावा आणि मादी फूल पुन्हा बांधून टाका. देठाला रंगीत दोरा बांधून खूण करा. तो भोपळा देठ वाळेपर्यंत वेलावर राहू द्या, तोडल्यावर आणखी दोन-तीन आठवडे घरात ठेवा, मग फोडा.

सगळे बी सावलीत खडखडीत वाळवा, चाळलेली राख चोळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुडीवर वाणाचे नाव, कुणाच्या घरचे आणि कुठल्या साली राखले, हे लिहा. हे लिहिण्याचे काम घरच्या शाळकरी पोराला द्या.

आणि आता माझी सूचना. हादगा बोळवण्याच्या दिवशी प्रत्येक घरची खिरापत येते आणि डब्यात काय आहे ते पोरी ओळखतात. यंदा खिरापतीच्या डब्याबरोबर एक-एक पुडी बियांचीही आणा. काकडी, दोडक्याचे बी तोवर तयार नसेल तर गेल्या वर्षीचे आणा, शेवंतीच्या काश्या नंतर देईन असा शब्द द्या. पोरींना बी ओळखू द्या. हादग्याचे कुठले, भोपळ्याचे कुठले, गोकर्णीचे कुठले. जिला ओळखता येईल तिला ते बी. आजकाल फुलाचा फोटो औंधहून कुंडलला क्षणात जातो, आणि जावा, त्यात आनंदच आहे. पण फोटो परसात रुजत नाही. रुजायला बीच हातात द्यावे लागते.

मला मावशींनी दहा बिया दिल्या होत्या. त्या वेलाचे बी मी आजवर दहा-बारा गावांत वाटले. देताना हकीकतही सांगतो, स्वतःची चूक वगळत नाही. ऐकणारा हसतो, पण सकाळी धुरळणी करायची नाही हे त्याच्या लक्षात राहते.

तेव्हा मंडळी, अंक खाली ठेवा आणि मागच्या दाराने परसात जाऊन या. काय फुलले आहे ते मोजा. त्यातले शेजारी काय नाही ते आठवा. आणि बी धरले की पहिली पुडी त्या घरी द्या.